चकाकीचे मोल

मधल्या सुट्टीत मुलांची कार्डांची देवघेव चालू असते, तेव्हा थोडे कान देऊन ऐकावे. क्रिकेटपटूंची कार्डे, कुस्तीगिरांची कार्डे, कार्टूनमधल्या पात्रांची कार्डे. या बाजारात एक नियम सर्वांना मान्य असतो: चकाकणाऱ्या एका कार्डाला साधी दोन-तीन कार्डे. हा दर कुणी ठरवला असे विचारले, तर मुले गोंधळतात. 'ते चमकतं ना!' एवढेच उत्तर मिळते.

मोठ्यांच्या बाजारातले आकडे पाहिले तर हे उत्तर अपुरे पडते. १९९९ साली अमेरिकेत छापलेले, 'पोकेमॉन' मालिकेतील चारिझार्ड या पात्राचे एक कार्ड मार्च २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरना विकले गेले. तेव्हाच्या दराने ही रक्कम तीन कोटी रुपयांहून अधिक होते. त्याच चारिझार्डचे, आणि त्याहूनही जास्त चकाकणारे, कार्ड आपल्याकडे शाळेजवळच्या दुकानात काही रुपयांना मिळू शकते. मग तीन कोटी रुपये दिले गेले ते कशाचे? चकाकीचे खासच नव्हेत. पण एक काळ असा होता, की चकाकीलाच मोल होते. ते का होते आणि पुढे का उरले नाही, याचा इतिहास आपण पाहू. त्यात प्रकाशशास्त्र आहे, छपाईचे तंत्र आहे आणि माणसांचा एकमेकांवरचा विश्वासही आहे.

कार्डे आधी, चकाकी नंतर

कार्डे जमवण्याचा नाद होलोग्रामपेक्षा बराच जुना आहे. १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील तंबाखू कंपन्या सिगारेटची मऊ पाकिटे चेपू नयेत म्हणून त्यांत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. पुठ्ठा घालायचाच आहे, तर त्यावर चित्र का छापू नये? मग नटींची, पक्ष्यांची, झेंड्यांची आणि बेसबॉल खेळाडूंची चित्रे आली. चित्रांच्या मालिका झाल्या, आणि मालिका अपुरी राहिली की माणसाला चैन पडत नाही, हे कंपन्यांच्या ध्यानात आले. पुढे सिगारेटची जागा मुलांच्या च्युइंगमने घेतली, पण युक्ती तीच राहिली.

या काळात कार्ड दुर्मीळ होई ते बहुतेक वेळा अपघाताने. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या एका मालिकेत होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे कार्ड होते. त्याची छपाई लवकर थांबली, म्हणून त्याच्या थोड्याच प्रती उरल्या. बाकीची कार्डे दुर्मीळ झाली ती मुलांनी खेळून फाडल्यामुळे आणि घरोघरच्या आवराआवरीत केरात गेल्यामुळे.

१९८० नंतर या जुन्या कार्डांना मोठ्या किमती येऊ लागल्या, आणि किमतीपाठोपाठ नकलाही आल्या. कार्ड म्हणजे शेवटी पुठ्ठ्यावरची ऑफसेट छपाई. ज्याच्याकडे चांगले यंत्र आहे त्याला तशीच छपाई करता येते. म्हणून साध्या छापखान्यात छापता येणारच नाही अशा एखाद्या गोष्टीची कार्ड-कंपन्यांना गरज भासू लागली. तशी गोष्ट भौतिकशास्त्राने आधीच तयार करून ठेवलेली होती, मात्र ती निराळ्याच कामासाठी.

अख्खे चित्र

१९४७ साली इंग्लंडमधील रग्बी या गावी, ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन या कंपनीत डेनिस गॅबर हे हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करत होते. या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत दोष असत आणि प्रतिमा धूसर येई. गॅबर यांनी वेगळा विचार केला: भिंग सुधारता येत नसेल, तर धूसर का होईना पण सगळी माहिती असलेली नोंद घ्यावी आणि चित्र मागाहून प्रकाशाच्या साहाय्याने उभे करावे.

'सगळी माहिती' म्हणजे काय? साधे छायाचित्र प्रकाशाची फक्त तीव्रता नोंदते. कुठे उजेड जास्त, कुठे कमी, एवढेच. पण प्रकाश हा तरंग आहे. वस्तूच्या जवळच्या भागाकडून आलेला तरंग आणि दूरच्या भागाकडून आलेला तरंग आपल्यापर्यंत पोचतात तेव्हा एकाचे शिखर आलेले असते, तर दुसऱ्याची दरी. तरंगाच्या या टप्प्याला कला म्हणतात. वस्तूच्या खोलीची माहिती कलेत असते, आणि छायाचित्रात नेमकी तीच हरवते.

ती पकडण्याचा उपाय हौदाच्या पाण्यात पाहता येतो. संथ पाण्यात दोन खडे थोड्या अंतरावर टाकले, की दोन्हीकडची वर्तुळे एकमेकांना भेटतात. शिखराला शिखर मिळते तिथे पाणी जास्त उसळते, शिखराला दरी मिळते तिथे ते शांत राहते. यालाच व्यतिकरण म्हणतात. गॅबर यांची कल्पना अशी, की वस्तूकडून येणारा तरंग एका सरळसाध्या संदर्भ-तरंगाला भेटवायचा आणि दोहोंच्या व्यतिकरणाची नक्षी फिल्मवर नोंदवायची. मग वस्तू बाजूला काढली आणि त्या नक्षीवर केवळ संदर्भ-तरंग सोडला, तरी मूळ वस्तूचा तरंग पुन्हा उभा राहतो. जणू वस्तू तिथेच आहे! ग्रीक भाषेत 'होलोस' म्हणजे अख्खे. त्यावरून या नोंदीला होलोग्राम हे नाव मिळाले.

१९४८ साली गॅबर यांचा निबंध 'नेचर' मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या सुरुवातीच्या होलोग्राममधील वस्तू म्हणजे इवलीशी अक्षरे होती. हायगेन्स, यंग, फ्रेनेल अशी प्रकाशाचा तरंग-सिद्धान्त घडवणाऱ्यांची नावे त्यांत होती. चित्र अंधूकच आले, कारण पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश हवा तितका एकसारखा नव्हता. १९६० साली लेसर आला आणि अडचण दूर झाली. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या एमेट लीथ आणि ज्युरिस उपॅटनीक्स यांनी १९६४ साली खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम दाखवला, तेव्हा पाहणारे शास्त्रज्ञही काचेमागे खरी गाडी शोधू लागले. तिकडे सोव्हिएत संघात यूरी डेनिस्युक यांनी १९६२ सालीच साध्या प्रकाशात दिसणाऱ्या होलोग्रामची निराळी वाट शोधली होती. १९७१ साली गॅबर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही होलोग्राम कार्डावर यायला दोन अडथळे होते. लीथ-उपॅटनीक्स पद्धतीचा होलोग्राम पाहायला लेसर लागे. तो कुणाच्या खिशात असणार? आणि प्रत्येक होलोग्राम खास फिल्मवर स्वतंत्रपणे तयार करावा लागे. कार्डे तर लाखांनी हवीत.

दोन अडथळे, दोन उपाय

पहिला अडथळा १९६८ साली पोलरॉइड कंपनीतील स्टीफन बेंटन यांनी दूर केला. पांढऱ्या प्रकाशात होलोग्राम धूसर दिसतो, कारण प्रत्येक रंगाची प्रतिमा थोडी वेगळ्या जागी पडते आणि सगळ्यांची सरमिसळ होते. बेंटन यांनी मूळ होलोग्रामची एक आडवी अरुंद पट्टीच वापरून दुसरा होलोग्राम तयार केला. त्यामुळे प्रत्येक रंगाची प्रतिमा वेगवेगळ्या उंचीवरून दिसू लागली. डोळा एका उंचीवर असेल तर त्याला एकच रंग आणि स्पष्ट चित्र दिसते. कार्ड खाली-वर कलवले की रंग बदलतो तो म्हणूनच. याची किंमत म्हणून वर-खाली पाहण्याची खोली गेली. पण आपले दोन डोळे शेजारी-शेजारी आहेत, एकावर एक नाहीत. डाव्या-उजव्या बाजूची खोली शिल्लक असली, की दोन डोळ्यांना चित्र उठावदार दिसते. गमावले ते फारसे जाणवणार नाही असेच होते!

दुसऱ्या अडथळ्यावरचा उपाय ग्रामोफोनच्या तबकडीसारखा आहे. व्यतिकरणाची नक्षी प्रकाशाला संवेदनशील असलेल्या रेझिस्ट नावाच्या थरावर घेतली, तर ती काळ्या-पांढऱ्या रेषांऐवजी अतिसूक्ष्म उंचवट्या-खळग्यांच्या रूपात उमटते. त्यावर विजेच्या साहाय्याने निकेलचा थर चढवला की धातूचा साचा तयार होतो. हा साचा तापवलेल्या प्लॅस्टिकच्या फिल्मवर दाबला की तीच नक्षी फिल्मवर ठसते, आणि अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर दिला की ती आरशासारखी चमकते. तिच्या दोन लगतच्या रेषांतील अंतर साधारण एका मायक्रोमीटरच्या घरात असते. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे हजार रेषा. ही नक्षी शाईने छापता येत नाही आणि झेरॉक्स यंत्राला तर ती दिसतही नाही. पण एकदा साचा हाती आला की ठसे कितीही काढता येतात.

इथे या साऱ्या इतिहासाची गोम आहे. होलोग्रामचे आकर्षण दोन गुणांत होते: नक्कल करायला अवघड आणि लाखांनी काढायला स्वस्त. हे गुण एकमेकांच्या विरुद्ध आहेत. साचे बनवणारे मोजके असतात तोवरच दोन्ही एकत्र नांदतात. कुलपाची मजबुती कुलपात नसते; तशी किल्ली किती जणांना बनवता येते, यावर ती ठरते.

कुलूप

१९८३ साली मास्टरकार्डने आपल्या क्रेडिट कार्डावर होलोग्राम लावला. १९८४ साली व्हिसाचे कबुतर आले. त्याच वर्षी मार्चमध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर गरुडाचा होलोग्राम झळकला. या मासिकाचा खप तेव्हा एक कोटीच्या वर होता. म्हणजे ठशांची पद्धत किती मोठ्या प्रमाणावर चालते, हे जगाला दिसले. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या आपल्या शिक्षकांनी मतदार ओळखपत्रावरही असाच होलोग्राम पाहिलेला असतो.

जमवण्याच्या कार्डांत ही कल्पना ठळकपणे आणली ती अमेरिकेतील अपर डेक या कंपनीने. १९८९ साली निघालेल्या तिच्या पहिल्या बेसबॉल मालिकेत प्रत्येक कार्डाच्या पाठीवर एक छोटा होलोग्राम होता. तो शोभेसाठी नव्हता. कार्ड अस्सल आहे एवढेच सांगण्यासाठी होता. या मालिकेतील पहिल्या क्रमांकाचे केन ग्रिफी ज्युनिअरचे कार्ड पुढे फार गाजले. त्या वेळी कार्डाची नक्कल करू पाहणाऱ्याला लेसर, कंपन न होणारे जड टेबल आणि निकेलचा साचा काढण्याची सोय, हे सारे लागले असते. एवढी यातायात एका कार्डासाठी कोण करणार?

कुलपाचा दागिना झाला

पण चमक पुढच्या बाजूला आणण्याचा मोह आवरला गेला नाही. १९९० साली इम्पेल कंपनीने मार्व्हलच्या कॉमिक पात्रांची १६२ कार्डांची मालिका काढली आणि तिच्या जोडीला पाच होलोग्राम-कार्डे ठेवली. स्पायडरमॅन, मॅग्नेटो, सिल्व्हर सर्फर, वुल्व्हरिन ही पात्रे त्यांवर होती. पाकिटात होलोग्राम क्वचित सापडे, म्हणून मुले पाकिटामागून पाकीट घेत. १९९२ साली स्पायडरमॅनला तीस वर्षे झाली, तेव्हा त्याच्या चार कॉमिक्सच्या मुखपृष्ठांवर होलोग्राम आले. मग कंपन्यांची चढाओढच लागली.

ग्राहकांनी या वेळी एक गोष्ट आधीच्या पिढीपेक्षा वेगळी केली. 'हे पुढे महाग होणार' या समजुतीने त्यांनी कार्डे खेळायला न घेता प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली. सगळ्यांनीच जपली! छपाई अफाट आणि नासधूस शून्य. मग कार्ड दुर्मीळ व्हावे कसे? १९९४ साली बेसबॉलपटूंच्या संपामुळे त्या वर्षीची अंतिम स्पर्धा रद्द झाली आणि कार्डांचा आधीच मंदावलेला बाजार आणखी खचला. फ्लीअर आणि स्कायबॉक्स या कार्ड-कंपन्या विकत घेऊन बसलेल्या मार्व्हलने डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामागे कर्जाचे डोंगर आणि इतर कारणेही होती, पण कार्डांचा धंदा बसणे हे त्यांतले एक होते. ज्या पालकांनी त्या कार्डांकडे मुलांच्या शिक्षणाची पुंजी म्हणून पाहिले असेल, त्यांच्या हाती रद्दीपेक्षा थोडे अधिक उरले.

याच सुमारास, ऑक्टोबर १९९६ मध्ये, जपानमध्ये पोकेमॉनची कार्डे निघाली. जानेवारी १९९९ मध्ये त्यांची इंग्रजी मालिका अमेरिकेत आली. तिच्या १०२ कार्डांपैकी १६ चकाकणारी होती. मुले त्यांना 'होलो' म्हणतात. पण काटेकोर बोलायचे तर ते होलोग्राम नव्हेत. त्यांत कुठल्याही वस्तूचा तरंग साठवलेला नाही. समांतर सूक्ष्म रेषांचे ठिपके आणि तारे ठसवलेली चंदेरी फिल्म आणि तिच्यावर साधी छपाई, एवढेच त्यांचे स्वरूप. प्रकाशाचे विवर्तन होऊन रंग फाकतात, पण खोली दिसत नाही.

तरीही महाग झाली ती हीच. कारण ही कार्डे खेळण्यासाठी होती आणि मुले ती खरोखर खेळली. खिशात कोंबली, रबरबँडने बांधली, फरशीवर घासली. पहिल्या छपाईची खूण असलेली कार्डे मुळातच थोडी, आणि त्यांतली निष्कलंक राहिलेली त्याहून थोडी. वॅग्नरच्या काळातला अपघात पुन्हा घडला. तीन कोटी रुपये मोजले गेले ते या अपघाताचे.

उलटलेली खूण

दरम्यान किल्ली सर्वांच्या हाती गेली होती. ठसवलेली चंदेरी फिल्म आता गुंडाळ्यांच्या गुंडाळ्यांनी तयार होते. भेटवस्तूंच्या कागदापासून टिकल्यांच्या पाकिटापर्यंत ती दिसते. नक्कल करणाऱ्याला ती अगदी स्वस्त पडते. म्हणून तो हात सैल सोडून सगळे कार्डच चकाकते करतो. १९९९ च्या त्या मालिकेतील अस्सल कार्डांत मात्र चमक फक्त चित्राच्या चौकटीत आहे. भोवतालची पिवळी किनार आणि मजकुराचा भाग साधाच आहे. म्हणजे या मालिकेपुरते तरी, सर्वांगी चकाकणारे कार्ड दिसले की ते नकली समजावे! जी चमक अस्सलपणाची खूण म्हणून आली, ती बनावटपणाची खूण ठरली.

आता परीक्षा उलट दिशेने सुरू होते. जाणकार पुठ्ठ्याची कड पाहतात, कारण अस्सल पोकेमॉन कार्डाच्या मधोमध एक पातळ गडद थर असतो आणि त्यामुळे बॅटरीचा प्रकाश सहज आरपार जात नाही. भिंगाखाली छपाईचे ठिपके पाहतात. आणि एवढे करूनही ज्यांना खात्री नसते, ते तिसऱ्याकडे जातात. १९९१ पासून अमेरिकेत पीएसए ही संस्था कार्डे तपासून त्यांना १ ते १० गुण देते आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करते. टाळेबंदीच्या काळात हा नाद इतका फोफावला, की मार्च २०२१ मध्ये साचलेल्या कामामुळे या संस्थेला नवी कार्डे घेणे बहुतांशी थांबवावे लागले. तिच्या डब्यांतील लेबलांच्या पाठीवरही होलोग्राम लावले गेले. कुलूप कार्डावरून निघाले आणि डबीवर जाऊन बसले.

पण विश्वास डबीत बंद करता येतो का? पीएसएने सर्वांत आधी तपासलेले कार्ड वॅग्नरचेच होते आणि त्याला १० पैकी ८ गुण मिळाले होते. २०१३ साली एका लिलावदाराने न्यायालयात कबूल केले, की हे कार्ड विकण्यापूर्वी आपण त्याच्या कडा कापून सारख्या केल्या होत्या.

वर्गात करून पाहा

चकाकणारी कार्डे मुलांकडून मागून घ्या आणि त्यांची तीन गटांत वाटणी करायला सांगा. कार्डावरून नख हलकेच फिरवा. बारीक समांतर दांडे लागले तर ते भिंगपट्टीचे कार्ड. त्यात चित्र हलते ते विवर्तनाने नव्हे, अपवर्तनाने. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर कार्ड एकाच छोट्या दिव्याखाली धरा आणि डावीकडून उजवीकडे कलवा. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांसापेक्ष सरकताना दिसले तर तो होलोग्राम. पुष्कळदा त्यात सपाट चित्रेच एकामागे एक थरांत मांडलेली असतात. नुसते रंग पालटले, तर ती विवर्तनाची फिल्म. हेच कार्ड लांब ट्यूबलाइटखाली धरले तर चित्र पुसट होते. का, ते वरच्या वर्गातील मुलांनी सांगावे.

त्याच मुलांना मोजमापही करता येईल. सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर सीडीवर लंबरूप सोडला, तर परावर्तित ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे २४ अंशांवर एकेक ठिपका मिळतो. तरंगलांबीला या कोनाच्या साइनने भागले की सीडीवरील रेषांमधील अंतर, १.६ मायक्रोमीटर, हाती येते. मग हाच प्रयोग कार्डावर करावा. लेसर शिक्षकांनी स्वतःच धरावा आणि परावर्तित किरण कुणाच्याही डोळ्यांच्या पातळीवर येऊ देऊ नये.

एक कार्ड पावसाळ्यात उघडे ठेवून पाहा. पुठ्ठा दमट हवेतले पाणी शोषतो, फिल्म शोषत नाही, आणि कार्डाला बाक येतो. जुने कार्ड घेणाऱ्याने या बाकावर नजर ठेवावी. ओरखडा मात्र कशानेही भरून येत नाही, कारण मायक्रोमीटरहून उथळ असलेली नक्षीच खरवडली गेलेली असते. छायाचित्र पाहून होलोग्राम-कार्ड विकत घेणेही धोक्याचे. गॅबर यांनी जे हरवू दिले नाही तेच छायाचित्रात हरवते. विकणाऱ्याकडे निरनिराळ्या कोनांतून घेतलेली चित्रे मागावीत.

शेवटी मुलांना तीन प्रश्न वेगवेगळे विचारायला शिकवावे. हे चमकते का? हे दुर्मीळ आहे का? हे अस्सल आहे, असे कोण सांगतो आणि त्याला ते कसे कळले? पहिल्याचे उत्तर डोळे देतात. दुसऱ्याचे उत्तर इतिहास देतो. तिसऱ्याचे उत्तर मिळवायला चौकस बुद्धी लागते. पैसे मागणारी माणसे बहुधा पहिल्या उत्तरावरच थांबायला सांगतात, आणि हे केवळ कार्डांच्याच बाबतीत घडते असे नाही.